कराची ते जुहू : अंतर तेच, वेळ निराळा



कामगार संघटनेचा माणूस विमानांवर काय बोलणार, अशी शंका काही मंडळींच्या मनात आली असेल. ती रास्त आहे. आमचे शाळेचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. विमानात आम्ही आयुष्यात मोजून चार वेळा बसलो. पण विमानात माल चढवणाऱ्या आणि उतरवणाऱ्या लोकांमध्ये आमची पुष्कळ वर्षे गेली, आणि विमानाचा वेळ ही काय चीज आहे, हे आम्हांला त्यांच्या हजेरीच्या वह्यांतून कळले.

आजचा विषय मात्र सुचला एका कापडाच्या दुकानात. आमच्या पेठेत एक सिंधी व्यापारी होते. १९४७ साली सहा-सात वर्षांचे असताना आईबापांबरोबर कराचीहून बोटीने मुंबईस आले, कल्याणच्या छावणीत वाढले, आणि पुढे आमच्या गावी दुकान घालून इथलेच झाले. मराठी आमच्यापेक्षा शुद्ध बोलत. एके दिवशी वर्गणीची पावती फाडताना त्यांनी सहज विचारले, "भाऊसाहेब, तुम्ही विमानतळावर जाता. इथून कराचीला किती वेळ लागतो हो?" आम्ही त्याच संध्याकाळी वाचनालयात जाऊन पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणला, मापून हिशेब केला, आणि दुसऱ्या दिवशी ऐटीत सांगितले, "मुंबईहून सरळ रेषेत पावणेनऊशे किलोमीटर. म्हणजे साडेपाचशे मैल. जेट विमानाला दीड तास." त्यांनी हातातले कापड घडी घालून ठेवले आणि म्हणाले, "हे अंतर झालं. मी वेळ विचारला होता."

आज ते हयात नाहीत. त्यांचा प्रश्न आमच्याकडे राहिला.

आपल्या वाडवडिलांनी अंतर आणि वेळ यांची फारकत कधी केलीच नव्हती. 'पंढरपूर किती लांब?' म्हटले तर 'चार मुक्काम' हे उत्तर येई. मजल म्हणजे अंतरही आणि दिवसही. वाटेत नदीला पूर असला तर तोच गाव एक मुक्काम लांब जाई, आणि त्यात कोणाला काही चुकल्यासारखे वाटत नसे. आगगाडी आली, मैलांचे दगड आले, वेळापत्रक आले, आणि अंतर भागिले वेग म्हणजे वेळ, हे शाळेतले गणित आपल्या डोक्यात बसले. विमानाने तर हे गणित पुरतेच खरे करून दाखवले असे लोकांस वाटले. आकाशात ना नदी, ना घाट, ना नाके. १८ फेब्रुवारी १९११ रोजी अलाहाबादेस हेन्री पेके नावाच्या फ्रेंच वैमानिकाने सुमारे साडेसहा हजार पत्रे घेऊन यमुना ओलांडली आणि तेरा मिनिटांत तो नैनीला उतरला. अंतर सहा मैलांच्या आसपास. जगातले पहिले अधिकृत हवाई टपाल ते हेच. त्या दिवशी तेथे जमलेल्या लोकांना आता नदी म्हणजे काहीच नव्हे असे वाटले असल्यास नवल नाही.

आता कराचीकडे वळू. ते शहर तेव्हा मुंबई इलाख्यातले. सिंध प्रांत वेगळा झाला १९३६ च्या एप्रिलात. कराचीतल्या पहिल्या सरकारी शाळेला नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याचे नाव मिळाले. १९३१ च्या मार्चमध्ये काँग्रेसचे अधिवेशन कराचीस भरले, आणि मूलभूत हक्कांच्या ठरावात कामगाराला जगण्यापुरते वेतन, कामाचे मर्यादित तास, बाळंतपणाची रजा या गोष्टी लिहिल्या गेल्या. आमच्यासारख्याला कराची आठवते ती आधी या ठरावामुळे. मुंबईहून कराचीस जावयाचे म्हणजे आगबोट. सागरी मैल पाचशे, आणि त्या काळच्या बोटीचा वेग पाहता दोन दिवस धरावे लागत.

विलायतेहून पाहिले तर कराची हा हिंदुस्थानचा दरवाजा होता. इंग्रज सरकारने तेथे वायुनौकेसाठी एक अवाढव्य कोठार बांधून ठेवले होते. ज्या वायुनौकेसाठी ते बांधले, ती आर-१०१ कराचीकडे निघाली खरी, पण ५ ऑक्टोबर १९३० रोजी फ्रान्समध्येच कोसळून जळाली आणि ४८ माणसे गेली. कोठार रिकामेच उभे राहिले. विमानाची टपाल त्याआधीच, १९२९ च्या मार्चअखेरीस, लंडन-कराची अशी सुरू झाली होती. आठवडा लागे. आणि हे हवाई टपाल सगळे हवेतून येत होते असे मात्र समजू नये! स्वित्झर्लंडातल्या बाझेलपासून इटलीतल्या जिनोआपर्यंत उतारू आणि थैल्या आगगाडीने जात, कारण इटलीच्या हद्दीत हवेतून शिरण्याच्या परवानगीची भानगड मिटलेली नव्हती. पुढे इराणनेही आपल्या किनाऱ्यावरून जाण्यास हरकत घेतली, तेव्हा १९३२ च्या ऑक्टोबरात विमाने आखाताच्या अरबी बाजूने, शारजावरून जाऊ लागली. म्हणजे आकाशात नाके नाहीत, ही समजूत पहिल्या तीन वर्षांतच खोटी ठरली होती. तिकडे आपले लक्ष गेले नाही, इतकेच.

त्याच महिन्यात, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी, कराचीच्या द्रिघ रोड मैदानावरून जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांनी पुस मॉथ जातीचे एक छोटे विमान उडवले. इंजिन एक, रेडिओ नाही, बरोबर टपालाची थैली. विलायतेची डाक कराचीपर्यंत आली होती. ती पुढे मुंबईस न्यायची, आणि तेथून नेव्हिल व्हिन्सेंट या त्यांच्या भागीदाराने बेल्लारीमार्गे मद्रासेस न्यायची, अशी योजना. सरकारशी दहा वर्षांचा करार झाला होता. त्यात खात्रीची मदत एका पैची नाही. जेवढे टपाल नेले तेवढ्याचे वजनावर पैसे.

टाटा सरळ मुंबईस आले नाहीत. आमच्या दोऱ्याची रेषा कच्छच्या आखातावरून, काठेवाडवरून आणि मग समुद्रावरून जाते. एका इंजिनाच्या विमानाने तसे येणे धाडसाचे, आणि मध्ये पेट्रोल घेणे तर भागच. म्हणून ते अहमदाबादेस उतरले. कराची-अहमदाबाद सुमारे ५९० किलोमीटर, अहमदाबाद-मुंबई सुमारे ४४०. सरळ रेषेपेक्षा दीडशे किलोमीटर जास्त.

या अहमदाबादच्या मुक्कामावर आम्हांला जरा थांबायचे आहे. तेथे पेट्रोल आले ते बैलगाडीतून. बर्मा शेल कंपनीचे चार-चार गॅलनचे डबे बैलगाडीत भरून मैदानावर आणले आणि ते एकेक करून टाकीत ओतले. तेव्हा कुठे विमान पुन्हा उडाले आणि दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी जुहूच्या मैदानावर उतरले. सकाळपासून सव्वासात तास. या उड्डाणावर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि टाटांच्या हिमतीची तारीफ सर्वांनी केली आहे. ती योग्यच आहे. पण त्या सव्वासात तासांत त्या गाडीवानाचाही वेळ होता. बैल उशिरा जुंपले असते तर विमान उशिरा आले असते. ताशी शंभर मैलांच्या वेगाला ताशी दोन-अडीच मैलांच्या वेगाने मदत केली म्हणून ती डाक दुपारी पोचली. गाडीवानाचे नाव आमच्या वाचनात कुठे आले नाही.

जुहूचे मैदान म्हणजे समुद्रकाठची चिखलवट. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाई, म्हणून सगळा बाडबिस्तरा पुण्यास हलवावा लागे. तरीही १९३३ या पहिल्या पुऱ्या वर्षात या विमानांनी एक लाख साठ हजार मैल कापले, १५५ उतारू नेले, आणि वक्तशीरपणाबद्दल सरकारी अहवालात शाबासकी मिळवली. घाटातला पाऊस, रेडिओ नाही, धावपट्टी नाही, आणि डाक वेळेवर! आजच्या आमच्या विमानतळांवरल्या अधिकाऱ्यांनी हा अहवाल चौकटीत घालून लावावा.

लंडनचे पत्र कराचीहून मुंबईस एका सकाळीत येऊ लागले, तेव्हा गिरणगावातल्या कामगाराचे पत्र कोकणातल्या त्याच्या घरी कसे जात होते? आमचे आजोबा परळच्या एका गिरणीत जॉबरच्या हाताखाली होते. आजीला पत्र जायचे ते बोटीने बंदरापर्यंत आणि पुढे हरकाऱ्याच्या पायांनी. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणजे आणखी लांबण. मुंबई ते राजापूर हे अंतर मुंबई-कराचीच्या निम्मेही नाही. वेळ मात्र तिकडचाच जास्त. अंतर नकाशावर सर्वांना सारखे असते, पण वेळ कोणाचा वाचवायचा हे कोणीतरी ठरवलेले असते. विलायतेच्या पत्रांत व्यापाऱ्यांच्या हुंड्या होत्या आणि सरकारी खलिते होते.

स्वातंत्र्यानंतर याचे उलटे उदाहरण घडले, आणि ते आपल्या नागपुरास घडले, म्हणून ते सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. १९४९ च्या जानेवारीअखेरीस रात्रीची हवाई टपाल सुरू झाली. मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि दिल्ली या चार शहरांतून रात्री एकेक विमान निघे, आणि चारही मध्यरात्रीनंतर नागपुरास भेटत. तेथे थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेस डाक चारही शहरांत. त्याच वर्षी १ एप्रिलपासून साध्या पत्राला जादा हाशील न घेता ते विमानाने नेण्याची पद्धत सुरू झाली. रफी अहमद किडवाई तेव्हा त्या खात्याचे मंत्री होते. आता हिशेब पाहा. मुंबई-दिल्ली सरळ अंतर सुमारे ११४० किलोमीटर. नागपुरावरून गेले तर सुमारे १५४०. चारशे किलोमीटरचा वळसा! पण संध्याकाळी मुंबईत पेटीत टाकलेले गिरणी कामगाराचे साधे पत्र त्या वळशामुळेच सकाळी दिल्लीत. अंतर वाढवून वेळ कमी केला. चार शहरांमध्ये प्रत्येकी एक सरळ विमान ठेवायचे तर सहा मार्ग लागले असते. येथे चारांत काम झाले.

या कामावर उमेदीत काही वर्षे काढलेले टपाल खात्यातले एक वृद्ध गृहस्थ आमच्या वाचनालयात येत असत. ते म्हणायचे, "अरे, लोक विमानाकडे बघायचे. नागपूरची जानेवारीतली थंडी कोणी बघितली नाही. चार विमानांच्या थैल्या उतरवायच्या, यादीशी ताडायच्या, पुन्हा चढवायच्या. एक थैली चुकून मद्रासला गेली की दिल्लीचा माणूस दोन दिवस उपाशी." उपाशी म्हणजे पत्राविना. सत्तरच्या दशकात ही व्यवस्था मोडली. दिवसाची जेट विमाने वाढली होती, हे तिचे एक कारण.

विमानाच्या वेळापत्रकात छापलेला वेळ हा हवेतला वेळ नसतो, हे श्रोत्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. चाकांपुढचे ठोकळे काढून विमान जागचे हलले तेथपासून, दुसऱ्या गावी जागेवर उभे राहून पुन्हा ठोकळे लागेपर्यंत, असा तो मोजतात. मुंबई-दिल्लीला हवेत पावणेदोन तासही लागत नाहीत. छापलेले असतात सव्वादोनच्या आसपास. बाकीचा वेळ जमिनीवर रांगेत किंवा मुंबईच्या डोक्यावर घिरट्या घालण्यात जातो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन असून एकीचेच काम होते. हे ठोकळे काढतो तो आमचा माणूस. त्याच्या हाताने घड्याळ सुरू होते आणि त्याच्याच जातभाईच्या हाताने दुसऱ्या गावी थांबते. पण त्याची पाळी मात्र त्या घड्याळात बसत नाही. एकदा एका ठेकेदाराने, विमाने उशिरा सुटली म्हणून हमालांच्या पगारातून पैसे कापले. आम्ही तीन आठवड्यांचे टाचण मागून घेतले. त्यात निम्म्याहून अधिक विमाने मुळात उशिरानेच आलेली! उशिरा आलेले विमान वेळेवर सोडता येत नाही, हे ठेकेदारास पटायला चार बैठका लागल्या. असो.

तर कराची. १९४७ नंतरही मुंबई-कराची विमाने चालत होती. डाकोटाला तीन-साडेतीन तास लागत असतील. जेट आल्यावर दीड तास. इंजिनाने आपले काम केले. बाकीचे काम माणसांनी बिघडवले. १९६५ च्या लढाईत आकाश बंद झाले. १९७१ च्या जानेवारीत श्रीनगरहून निघालेले 'गंगा' विमान लाहोरास पळवून नेऊन जाळण्यात आले, आणि फेब्रुवारीत भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्या आकाशातून जाण्यास मनाई केली. त्याचा परिणाम पाहा. कराची-ढाका सरळ अंतर सुमारे २३५० किलोमीटर. पण त्यांची विमाने सिलोनला वळसा घालून जाऊ लागली आणि अंतर जवळजवळ दुप्पट झाले. त्याच वाटेने पुढे शिपाईही गेले. एका देशाचे दोन तुकडे एकमेकांपासून किती दूर होते, हे त्या वर्षी सर्वांस दिसले. दोन्ही देशांतली विमाने पुन्हा सुरू झाली १९७६ साली. २००२ आणि २००३ ही दोन वर्षे पुन्हा बंद. २०१९ साली फेब्रुवारी ते जुलै पाकिस्तानचे आकाश बहुतांशी बंद. २०२५ च्या एप्रिलात दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आकाश बंद केले, आणि मे महिन्यात भारताने पाकिस्तानातून येणारी टपाल व पार्सलेही थांबवली. पहलगामला निरपराध माणसे मारली गेल्यानंतरचा तो काळ होता. लोकांच्या संतापाला कारण होते, ते आम्ही नाकारीत नाही. पण आमचा आजचा विषय हिशेबाचा आहे, आणि हिशेब मांडलाच पाहिजे.

२०१९ नंतर या दोन देशांत नियमित थेट विमान राहिले नाही. मुंबईच्या माणसाला कराचीस जावयाचे, आणि परवाना मिळाला असे क्षणभर धरले, तर नेहमीची वाट दुबईची. मुंबई-दुबई सुमारे १९३० किलोमीटर, दुबई-कराची सुमारे १२००. म्हणजे पावणेनऊशेच्या जागी एकतीसशेच्या वर; साडेतीन पट. पहिल्या विमानाला तीन-सव्वातीन तास, दुसऱ्याला दोन, आणि मधला खोळंबा जमला तर दोन-तीन तासांचा, न जमला तर रात्रभराचा. अगदी सगळे जुळून आले तरी सात-आठ तास. पुस मॉथला, अहमदाबादच्या बैलगाडीसकट, सव्वासात तास लागले होते.

कापडवाल्या शेटजींना हे उत्तर आम्ही देऊ शकलो असतो. त्यांच्या हयातीत आम्ही हिशेब पुरा केला नाही, याची चुटपुट वाटते. त्यांच्या मुलाला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "बाबांना ठाऊक होतं. ते तुम्हांला ठाऊक आहे का, एवढंच बघत होते."

आणखी एक गोष्ट सांगून आम्ही बसतो. आपल्या पहिल्या उड्डाणाच्या स्मरणार्थ जहांगीर टाटांनी १९६२ साली पुन्हा तशाच एका लहान विमानातून कराचीहून जुहूपर्यंत उड्डाण केले. १९८२ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, पुन्हा केले, तेही कराचीहूनच. मधल्या वीस वर्षांत दोन लढाया होऊन गेल्या होत्या, तरी त्या दिवशी ती वाट मिळाली. १५ ऑक्टोबर २०२१ रोजी मुंबईच्या आरोही पंडित या तरुण वैमानिक स्त्रीने त्याच उड्डाणाची आठवण जागवली. अहमदाबादेस उतरून ती जुहूला आली. तिचे विमान निघाले मात्र कराचीहून नव्हे, भूजहून. भूजची ती धावपट्टी १९७१ च्या डिसेंबरात बाँबने उखडली गेली होती, आणि जवळच्या माधापर गावच्या सुमारे तीनशे बायांनी, शत्रूची विमाने आली की झुडपांत लपत, बहात्तर तासांत ती पुन्हा चालू करून दिली होती. कराची तेथून तीनशे किलोमीटरवर आहे.